वस्तूला गवसणी

दि. ११ फेब्रुवारी

सन्माननीय व्याहीबुवांना नमस्कार.

इकडे आम्ही दोघे आपापल्या गोळ्या आपापल्या वेळी घेत आहोत, म्हणजे ठीक आहोत असे समजावे. आपण फोन करता आणि मी पत्र लिहितो, याबद्दल सूनबाई (म्हणजे आपली लेक) मला हसतात. पण मी पडलो शिंपी. कागदावरची चुकलेली टीप उसवता येते. फोनवर एकदा बोललेले कसे उसवणार?

पत्रास कारण, आपण सूनबाईंच्या हस्ते पाठवलेली वस्तू पोचली. वस्तू उत्तम आहे. चार चाके आहेत, दोन ब्रेक आहेत, दमल्यावर बसायला मध्ये पाट आहे आणि पुढे जाळीची टोपलीही आहे. टोपलीत भाजी राहील, असे चिरंजीव म्हणाले. मी म्हटले, म्हाताराही राहील. त्यावर कोणी हसले नाही.

आभार मानतोच. फक्त एक गोष्ट मनात होती ती लिहितो. गेल्या महिन्यात एका दुपारी आमची ही आपल्याशी फोनवर बोलत होती. मी आतल्या खोलीत काजे करत बसलो होतो. "साडेतेहतीस" असे ती म्हणाली आणि हसली. चांगली मोकळी हसली. पंचेचाळीस वर्षे मी लोकांची मापे घेतली, पण साडेतेहतीसमध्ये हसण्यासारखे काय असते ते मला कळेना. कंबर म्हणावी तर माझी अडतीस. छाती त्याहून जास्त. बाकी कोणाची मापे परक्या माणसाला फोनवर सांगण्याचे कारण नाही. आठ दिवस मी या आकड्याभोवती फिरत होतो. मग वस्तू आली. मुठीला टेप लावली, तर जमिनीपासून बरोबर साडेतेहतीस! माझ्या मनगटापासून जमिनीपर्यंतचे अंतर. आणि मग आठवले. मी खिडकीशी उभा राहून बाहेर बघत होतो, तेव्हा ही मागून म्हणाली होती, "हलू नका हं, पँटवर मुंगी आहे." मुंगी कसली? टेप होती. माझीच टेप. आयुष्यात पहिल्यांदा कोणी माझे माप घेतले आणि मला कळले नाही. ते माप आपल्याकडे गेले.

आपण जमिनीचे मोजणीदार होतात, माप अचूकच असणार. एक मात्र दिसले. मुठीच्या दांड्यावर एकतीसच्या भोकाशी रंग थोडा खरवडला आहे, जणू स्क्रू तिथे आधी कोणी आवळला असावा. दुकानदाराने वापरलेली वस्तू आपल्या गळ्यात मारली नसेल ना? शिंप्याची नजर आहे, राग नसावा.

आता मुद्द्याचे. मुलांनी समुद्रावर दहा दिवसांसाठी घर घेतले आहे. आपणही येत आहात, आनंद आहे. पण ती वस्तू मी तिथे आणणार नाही. सुट्टीला माणसे न्यावीत, सामान कमीत कमी असावे. माझा गुडघा किंचित कुरकुरतो, एवढेच. किंचित. सूनबाई सांगतात की आपण रोज सकाळी सहा किलोमीटर चालता. चांगले आहे. आपल्याला वेळही असतो.

आम्हीही चालायचो. दुकान बंद करून, हातावरचा खडू झटकून, मी आणि ही कालव्याच्या कडेने शेवटच्या पुलापर्यंत जायचो. मी शाळेतल्या कविता म्हणायचो. आमचे मास्तर टेबलावर डस्टर आपटून कविता शिकवायचे. खडूची धूळ उडायची आणि त्या धुळीतून ओळी बाहेर यायच्या. पुढे शिलाई मशीनच्या पॅडलवर पाय पडला तो त्याच ठेक्यात पडला. लोकांच्या विजारी मी कवितेच्या चालीवर शिवल्या आहेत, हे गिऱ्हाइकांना कधी कळले नाही. पाचवीतली ती नावाड्याची कविता तर हिला मी इतक्यांदा ऐकवली की कालव्यातले बेडूकही ती म्हणत असतील.

शेवटी एक सांगतो, हसू नका. आपली-आमची नात आता चारची झाली. दोन आजोबांत गोंधळ नको म्हणून तिने नावे ठेवली आहेत. आपण 'चालायचे आजोबा'. मी 'बसायचे आजोबा'. मुलाच्या जातीला दोष काय द्यायचा? पण ज्या वस्तूत बसायचा पाट आहे ती घेऊन मी समुद्रावर उतरलो, तर हे नाव माझ्या अंगाला कायमचे शिवले जाईल.

तेव्हा तिथे या वस्तूचा विषय आपण काढू नये, ही विनंती.

आपला नम्र,
मुलाकडचा व्याही


दि. २ मार्च, समुद्रावरचे घर

व्याहीबुवा, नमस्कार.

तुम्ही नीट पोचलात हे कळलं. तुम्ही गेल्यापासून इथे वारा पडला आहे. न्हाणीघरातला नळ अजून गळतोय, चिरंजीवांनी त्याला रुमाल बांधला, आता रुमाल गळतोय. नातीनं शिंपल्यांची दोन कुटुंबं केली आहेत. काल दिवसभर त्यांचं भांडण होतं. कशावरून, ते सांगत नव्हती. पण अधूनमधून माझ्याकडे बघत होती.

'काम निघालं' असं सांगून तुम्ही काल सकाळच्या पहिल्या बसनं गेलात. निवृत्त मोजणीदाराचं असं कोणतं काम निघतं, ते मी विचारलं नाही. कुणीच विचारलं नाही. नाश्त्याला सगळे मला पाव पुढे करत होते, पण माझ्याकडे बघत नव्हते.

तर पहिल्यापासून सांगतो. तुम्हाला त्यातलं बरंचसं ठाऊक आहे, पण माझ्या बाजूनं ठाऊक नाही.

वस्तू आणणार नाही असं मी तुम्हाला ऐटीत लिहिलं. पत्र पेटीत टाकून आलो तर ही दारात उभी. म्हणाली, "ते आलं नाही तर मीही येणार नाही. तुम्ही आणि तुमचा किंचित गुडघा जा समुद्रावर." मग मी युक्ती केली. दोन दिवस मशीनवर बसून वस्तूला गवसणी शिवली. जाड काळा कॅनव्हास, आतून फ्लॅनेलचं अस्तर, वर नाडी. वस्तू घडी केली, आत घातली, नाडी ओढली. झालं! बसमध्ये शेजारच्या गृहस्थांनी विचारलं, "कोणतं वाद्य?" मी म्हटलं, "तंतुवाद्य." ब्रेकला तार आहे, म्हणजे खोटं नाही. ही खिडकीबाहेर तोंड करून हसत होती. लोक आकाशाला गवसणी घालतात. मी आपली चार चाकांना घातली.

इथे आल्यावर तुम्ही पाहिलंतच, गवसणी कोपऱ्यात उभी आणि मी गच्चीतल्या खुर्चीत. तुम्ही विषय काढला नाहीत. शब्द पाळलात. त्याचाही मला राग आला. काढला असता तर भांडता तरी आलं असतं.

रोज संध्याकाळी तुम्ही सगळे दीपगृहाकडे निघायचात. मुलं पुढे, नात त्यांच्यामध्ये, आणि मागून तुम्ही आणि ही. ही पहिल्या दिवशी म्हणाली होती, "चला ना, ते काढा ना बाहेर. सावकाश जाऊ." मी म्हटलं, "तू जा." दुसऱ्या दिवशीही म्हणाली. मी म्हटलं, "जा म्हटलं ना." तिसऱ्या दिवशी तिनं विचारलंच नाही, चपला घातल्या आणि गेली. न विचारता गेली म्हणून मी त्या दिवशी चहा प्यायलो नाही. आता तुम्हीच सांगा, अशा माणसाचं काय करावं?

गच्चीवरून सगळा रस्ता दिसतो. मला तुम्ही दोघं हातशिलाईच्या दोन टाक्यांएवढे दिसायचात. तरी मला सगळं दिसत होतं. रस्त्याच्या कठड्यापाशी तीन पायऱ्या आहेत, तिथे तुम्ही हात पुढे करायचात आणि ती तो धरायची. तीन पायऱ्या संपल्या की सोडायची. मी मोजायचो. एक, दोन, तीन, सुटला. एकदा चौथ्यालाही धरलेला होता, तिथे वाळू होती हे मला नंतर कळलं. तुम्ही काहीतरी म्हणालात आणि तिनं मान मागे टाकून हसून घेतलं. तसं ती कालव्यावर हसायची. मागे टाकलेल्या मानेचा तो कोन माझा आहे, व्याहीबुवा! तिसऱ्या पुलाच्या अलीकडे, बाभळीखाली, मी तो मिळवलेला आहे. आणि तुम्ही तीन दिवसांत तो उचललात, तेही न दमता.

सत्तरी उलटलेल्या माणसानं हे लिहावं का? नसेल लिहायचं. पण फोनवर तर मुळीच सांगता आलं नसतं.

आता परवाच्या दुपारच्या जेवणाचं. इथवर येईपर्यंत नळ, शिंपले, गवसणी सगळं सांगून झालं, तेव्हा तुम्हीही ओळखलं असेल की मी वळसे घेतोय.

नात म्हणाली, "बसायचे आजोबा, गाणं म्हणा." मी खुशीत आलो. चालता येत नाही तर नाही, कविता तर आपली आहे! मी नावाड्याची कविता सुरू केली:

नावाड्या रे, शीड फाटले, परी न फाटे वारा
तुझी नि माझी एकच होडी, एकच अपुला तारा

आणि तुम्ही भाकरीचा तुकडा मोडता मोडता अगदी सहज म्हणालात, "दुसरी ओळ वेगळी आहे बरं का. 'बसून वल्हव, बसून वल्हव, समोर दिसे किनारा.' पाचवीच्या पुस्तकात 'तुझी नि माझी' कसं असेल?" वर मोजणीदाराची खोड म्हणून हसत हेही जोडलंत की वल्हवणाऱ्याची तर किनाऱ्याकडे पाठ असते, कवीनं जागेवर जाऊन पाहिलेलं दिसत नाही. सगळे हसले. हीसुद्धा हसली.

तुम्ही बरोबर होतात. ती ओळ तुम्ही म्हणालात आणि मास्तरांचं डस्टर माझ्या डोक्यात आपटलं. लग्नाच्या पहिल्या वर्षी, कालव्यावर, मला दुसरी ओळ आठवेना. नवी बायको शेजारी, ओळ अर्ध्यात थांबलेली. मग मी तिथल्या तिथे ठिगळ लावलं. 'तुझी नि माझी एकच होडी.' रंग जुळला, धागा जुळला. नंतर इतकी वर्षं म्हणता म्हणता माझं मलाच ठिगळ दिसेनासं झालं. आणि तुम्ही ते सगळ्यांसमोर, भाकरी मोडता मोडता, टर्रकन उसवलंत.

मग मी जे बोललो ते लिहिलं पाहिजे. न लिहिता माफी मागणं म्हणजे फाटकं तसंच ठेवून वरून इस्त्री फिरवणं.

मी म्हणालो, "ओळ तुमची, चाल तुमची, पायही तुमचे. स्वतःची बायको चार पावलं चालवता आली नाही, आता दुसऱ्याची फिरवताय."

तुम्ही पाण्याचा पेला खाली ठेवलात. आवाजही होऊ दिला नाहीत. नातीला म्हणालात, "चला, हात धुऊ या."

बस्स. एवढंच झालं. त्यानंतर तुम्ही माझ्याशी "नळ नीट बंद करा" एवढंच बोललात आणि सकाळी गेलात.

काल तुम्ही गेल्यावर सूनबाई माझ्यासमोर येऊन बसल्या. मला वाटलं, रागावतील. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. गवसणीकडे बघत त्या म्हणाल्या, "बाबांनी ते तुमच्यासाठी विकत नव्हतं घेतलं. आईसाठी आणलं होतं." "आई म्हणायची, लोक बघतील. बाबांनी एकतीसवर बसवून दारात उभं केलं होतं. सहा महिने, आई गेली तोवर, दारात उभं होतं. आई दारापर्यंतसुद्धा आली नाही. बाबा रोज म्हणायचे, चल ना, कोपऱ्यापर्यंत. ती म्हणायची, तुम्ही जा."

तुम्ही जा. तू जा. व्याहीबुवा, माझ्या हातात तेव्हा कात्री होती, नातीच्या बाहुलीचा झगा कापत होतो. कात्री खाली ठेवावी लागली. एकतीसच्या भोकाशी खरवडलेला रंग! आणि मी तुम्हाला लिहिलं होतं, दुकानदारानं वापरलेली वस्तू गळ्यात मारली नसेल ना. ती वापरलेली नव्हतीच. कुणी ती वापरायलाच तयार झालं नव्हतं. ते पत्र तुम्ही वाचलंत, घडी घातलीत, आणि इथे आल्यावर माझ्याशी पहिल्याच दिवशी हसून बोललात. मी तुमच्या जागी असतो तर बसच चुकवली असती.

सूनबाई गेल्यावर ही आली. ही कधी ओरडत नाही, तेच वाईट. खुर्चीच्या हातावर टेकून म्हणाली, "तुम्हाला काय वाटलं, मला ती ओळ कालच कळली?"

"म्हणजे?"

"अहो, पाचवी मीही शिकलेय. पुस्तक तेच होतं. आमच्या बाई तर ती कविता नाचून दाखवायच्या."

"मग कालव्यावर बोलली का नाहीस?"

"काय बोलू? नवा नवरा घाम पुसत ओळ शोधतोय, आणि शोधून शोधून काय काढलं तर एकच होडी. मी म्हटलं, राहू दे. पुस्तकातली ओळ सगळ्या वर्गाची. ही माझ्या एकटीची." मग म्हणाली, "आणि आता होडी एकच आहे म्हणता, तर मग मला तीन दिवस एकटीला का पाठवलंत?"

"एकटी कुठे? मोजणीदार होते की!"

"ते सबंध रस्ता कुणाबद्दल बोलतात ठाऊक आहे? कुठला दगड उंच आहे, कुठे उतार आहे, कुठे सावली आहे. पावलं मोजत चालतात, वहीत टिपून ठेवतात. मी विचारलं, कशासाठी? म्हणाले, 'विहीणबाई, तो माणूस एक दिवस गवसणी काढेल. तेव्हा त्याला कुठे कुठे बसता येईल ते ठाऊक असलेलं बरं.' त्यालाच मी हसले होते. मी म्हटलं, तुम्ही त्यांना ओळखत नाही."

मी खाली ठेवलेली कात्री उचलली आणि बाहुलीचा झगा उलटा कापला.

तुमच्याबद्दलचा मत्सर गेला, असं मी लिहिणार नाही. खोटं होईल. तुमचे गुडघे बघितले की माझा गुडघा अजून कुरकुर करतो. आणि तुम्ही माझी बसायची ठिकाणं मोजत होतात हे कळल्यावर तर ती वाढली, कारण आता तुम्ही माणूस म्हणूनही माझ्यापेक्षा सरस निघालात. पण मत्सर असला तरी त्यानं काय बोलावं, हे आपल्या हातात असतं. ते मी हातातून सोडलं. तुमच्या घरातलं जे सगळ्यात दुखरं, तिथे नेमकी सुई घातली. सुई कुठे जाते ते न बघता शिवणाऱ्याला आम्ही दुकानात ठेवत नाही. मला क्षमा करा. आणि विहीणबाईंचीही क्षमा मागायची आहे. ती कुणाकडे मागू, ते तुम्हीच सांगा.

आज सकाळी मी छोटी कात्री घेतली आणि गवसणी उसवली. नाडी सोडून काढता आली असती, पण मग ती पुन्हा घातलीही असती. कॅनव्हासचा नातीनं तंबू केला. त्यात शिंपल्यांची दोन्ही कुटुंबं एकत्र राहायला गेली आहेत, जागेची अडचण म्हणून. मग आम्ही दोघं बाहेर पडलो. मुठी हातात आल्या. साडेतेहतीस. काय सांगू, खांदे खाली उतरले! इतके दिवस मी खांद्यांनी चालत होतो, हे मला ठाऊकच नव्हतं. चाकं फरशीच्या सांध्यांवरून जाताना ठेका धरतात. आठ, आठ, आठ आणि चार, नावाड्याच्या कवितेच्या मात्रा. पॅडल जाऊन मशीनला मोटर आली, तेव्हापासून हा ठेका माझ्या पायाखाली आला नव्हता. कठड्याशी लोकांनी पाहिलं. एका बाईंनी पाहिलं आणि बाजूला झाल्या. मेलो नाही.

दोनशे साठ पावलांवर बसलो. ही माझ्या शेजारी कठड्यावर टेकली. तिथेच बसून हे पत्र लिहितोय, कागद मांडीवर, पाय जमिनीवर, दोन्ही ब्रेक आवळलेले. म्हणजे हे पत्र वॉकरवर बसून लिहिलं आहे. हा शब्द मी आज पहिल्यांदा लिहिला. वॉकर. एवढासा तर आहे.

सुट्टीचे अजून चार दिवस आहेत. दुपारच्या बसच्या कंडक्टरकडे हे पाकीट देतोय. तुमच्या थांब्यावरच्या औषधांच्या दुकानात तो ठेवेल. सूनबाई फोन करून तुम्हाला तिथे जायला सांगतील. उद्याच्या बसनं या. तुम्ही म्हणाला होतात की घरापासून दीपगृहापर्यंत अकराशे चाळीस पावलं आहेत. मला त्यात किती ठिकाणी बसावं लागेल, ते तुमच्या वहीत असेलच. वही घेऊन या. संध्याकाळी तिघं निघू. ही माझ्या डाव्या हाताला चालेल, तुम्ही उजव्या. आणि त्या तीन पायऱ्यांवर तुम्ही वॉकर उचला. तिचा हात मी धरेन.

पाकिटात फ्लॅनेलचा एक तुकडा आहे. गवसणीच्या अस्तराचा. कडा हातानं दुमडल्या आहेत. चष्मा पुसायला बरा आहे, ओरखडा येत नाही.

नात मागून धावत आली आहे आणि विचारतेय, चालायचे आजोबा कधी येणार. आज मला चालताना बघून तिनं माझ्या नावाचा बराच विचार केला. "बसायचे" आता चालत नाही म्हणते, आणि "चालायचे" तर तुमचं आहे, ते ती देणार नाही. मग मीच पुस्तकातल्या ओळीतून एक नाव तिला सुचवलं. तिनं मान्य केलं आहे. तुमची हरकत नसेल, तर तेच खाली लिहितो.

वाट पाहतो.

तुमचा,
बसून वल्हवायचे आजोबा